गेर्निकाचं पॉप रूप: स्क्रीनप्रिंट घ्यावं की जिक्ले?

माझ्या घरी पिकासोच्या 'गेर्निका' या युद्धविरोधी चित्रावरून केलेली दोन पॉप चित्रं आहेत, म्हणजे जाहिराती-कॉमिकच्या भाषेत रंगवलेली. एक जिक्ले, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फाइलवरून उत्तम इंकजेट प्रिंटरवर काढलेलं. दुसरं स्क्रीनप्रिंट, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळ्या जाळीतून शाई दाबून छापलेलं. दोन्ही लिमिटेड एडिशनमधली, म्हणजे ठरावीक प्रतीच छापलेली, दोन्हींच्या खाली पेन्सिलीनं क्रमांक आणि सही. युद्धविरोधी चित्रांवरची अशी प्रिंट्स जमवायला लागलेल्या दोघांनी गेल्या महिन्यात विचारलं, की पहिली मोठी खरेदी कशात करावी. त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी मूळ चित्र कोणतं, ते बघा. स्पॅनिश चित्रकार गोयाचं '3 मे 1808' असेल तर जिक्लेला नाही म्हणू नका. जमिनीवर ठेवलेला कंदील, त्याच्या उजेडात हात वर केलेला पांढऱ्या शर्टातला माणूस, मागे काळोखात विरत जाणारी गर्दी. ते चित्र उजेडाच्या छटांवर उभं आहे आणि छटा जिक्लेइतक्या अलगद स्क्रीनमध्ये उतरत नाहीत. माझ्या एका मित्राकडे असं जिक्ले आहे. गोळ्या झाडणारे शिपाई खेळण्यातल्या हिरव्या प्लॅस्टिकचे आहेत, पण शर्टावरचा उजेड अगदी गोयाचा. त्याच्याकडे गेलो की मी त्या चित्रासमोर बराच वेळ थांबतो.

गेर्निकाचं तसं नाही. ते पावणेआठ मीटर रुंद चित्र काळा, पांढरा आणि करडा एवढ्यावरच उभं आहे. घोड्याच्या अंगावर बारीक उभ्या रेघा आहेत, वर्तमानपत्राच्या छपाईची आठवण करून देणाऱ्या. सपाट रंग आणि ठसठशीत कडा ही पॉपची भाषा त्याला सहज लागू पडते. स्पेनमधल्याच 'एकीपो क्रोनिका' या चित्रकार गटानं हे 1969 मध्ये करून दाखवलं. मूळ चित्र तेव्हा न्यूयॉर्कच्या संग्रहालयात होतं आणि स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोचं सरकार ते मायदेशी आणायची भाषा करत होतं. त्यावर या गटानं गेर्निकाची मालिकाच रंगवली. त्यातल्या 'घुसखोर' या चित्रात एक लोकप्रिय कॉमिकचा बुरखेधारी योद्धा थेट गेर्निकात घुसलेला दिसतो. तो योद्धा आणि ती माणसं एकाच सपाट रंगभाषेत बोलतात, म्हणून धक्का बसतो.

माझं स्क्रीनप्रिंट चार रंगांचं आहे. सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की काळ्यावर चढलेला लाल थर किंचित उठून दिसतो. जुन्या लग्नपत्रिकेवरची सोनेरी अक्षरं बोटाला लागायची, तसा. वरच्या दिव्यापाशी एका बाजूला केसाएवढी पांढरी रेघ राहिली आहे, रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, थोडं हललं त्याची. ती रेघ मला फार प्रिय आहे. कुणीतरी उभं राहून स्क्वीजी, म्हणजे शाई दाबायची रबरी पट्टी, ओढली, हे तिथे दिसतं. जिक्लेमध्ये सगळं बिनचूक असतं आणि शाई कागदात मुरलेली. काहींना तेच आवडेल, त्यात गैर काही नाही.

पण माझा निर्णय या कशानं झाला नाही. जिक्ले घेतलं तेव्हा त्यावर 17/50 होतं, म्हणजे पन्नासांतली सतरावी प्रत. दहा महिन्यांनी त्याच विक्रेत्याची मेल आली: तेच चित्र, जरा लहान आकारात, एडिशन 100. पुढे दिवाळीच्या सुमारास आणखी एक: पार्श्वभूमी गुलाबी, एडिशन 75. मी विचारलं. उत्तर आलं की सर्टिफिकेटवर 'या आकारात आणि या रंगात' असं छापलेलं आहे. काढून पाहिलं, होतं खरं. नियमानं त्यांची चूक नव्हती.

तरी ते माझ्या मनातून गेलं नाही. पैशांचं कमी, दुसरंच जास्त. 26 एप्रिल 1937, सोमवार, स्पेनमधल्या गेर्निका गावचा बाजाराचा दिवस. त्या दिवशीच्या बॉम्बहल्ल्यावरचं हे चित्र. त्यात डाव्या कडेला मेलेलं मूल मांडीवर घेऊन आक्रोश करणारी आई आहे. तिच्यामागचा रंग आपल्या भिंतीला जुळेल असा निवडून मागवता येतो, हे मला पाहवलं नाही. पुनरावृत्ती हा पॉप आर्टचा पायाच आहे, मान्य. कलाकारानं ओपन एडिशन, म्हणजे प्रतींवर मर्यादा नसलेली, काढली असती तर मी आनंदानं घेतली असती. पण पन्नास म्हटलं की पन्नास.

स्क्रीनप्रिंटमध्ये हे होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण काम संपलं की जाळीवरचं इमल्शन, म्हणजे चित्राचा आकार धरणारा थर, धुतात आणि तीच फ्रेम पुढच्या कामाला लावतात. पुन्हा छापायचं तर जाळी नव्यानं तयार करा, रंग नव्यानं कालवा. खुद्द गोयाच्या 'युद्धाच्या यातना' या तांब्याच्या पाट्यांवरून छापायच्या चित्रमालिकेचं उदाहरण घ्या. तो 1828 मध्ये वारला, पहिली आवृत्ती निघाली 1863 मध्ये आणि त्याच तांब्याच्या पाट्यांवरून पुढेही अनेकदा छपाई झाली. मात्र तांबं झिजतं, नंतरच्या प्रतींत छटा विरळ होतात आणि जाणकाराला ते कळतं. कॉम्प्युटरमधल्या फाइलची पन्नासावी प्रत आणि पाचशेवी प्रत सारखीच.

आपल्याकडच्या पावसाळ्याला दोन्ही सारखीच घाबरतात. अ‍ॅसिड-फ्री माउंट लावा, काच कागदाला टेकू देऊ नका, बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगू नका.

किमतीचं म्हणाल तर माझं स्क्रीनप्रिंट जवळपास दुप्पट पडलं. बजेट आखडतं असेल, किंवा गोयावरचंच काही मनात भरलं असेल, तर जिक्ले जरूर घ्या. फक्त 'याच चित्राची दुसऱ्या कुठल्याही आकारात किंवा रंगात एडिशन निघणार नाही' हे पैसे देण्याआधी मेलवर लिहून मागा. मी स्क्रीनप्रिंट घेताना छापणाऱ्याला विचारलं होतं, की जाळ्यांचं काय केलंत. त्यानं शब्दानं उत्तर दिलंच नाही, फोटो पाठवला: भिंतीला टेकवून वाळत ठेवलेल्या चार धुतलेल्या फ्रेमा आणि एकीच्या कोपऱ्यात घोड्याच्या जबड्याची पुसट सावली. तो फोटो मी प्रिंट काढून फ्रेमच्या मागे चिकटवला आहे.