ऑनलाइन कोडिंग चाचणी सेवा: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

पुण्यातील आमच्या कंपनीत नवख्या प्रोग्रॅमरांची भरती करताना पहिली चाळणी म्हणून आम्ही गेले वर्षभर एक सशुल्क ऑनलाइन चाचणी सेवा वापरत आहोत. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण माझे म्हणणे तिच्या एकटीपुरते नाही. उमेदवाराला नव्वद मिनिटांत तीन प्रश्न सोडवायचे असतात, त्याचा कोड त्याला न दाखवलेल्या टेस्ट केसवर (नमुना इनपुट आणि अपेक्षित उत्तर यांच्या जोड्यांवर) आपोआप तपासला जातो आणि गुणानुक्रमे लावलेली यादी त्याच संध्याकाळी माझ्या हाती येते. शेकडो अर्ज आलेले असताना ही सोय मोलाची आहे, चाचणी मध्येच बंद पडल्याचा प्रसंगही वर्षभरात आला नाही. माझा आक्षेप त्या यादीला आहे.

यादीत अगदी वर असलेल्या एका मुलाला मी मुलाखतीत बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधली जागा तपासून निम्मा भाग वगळत शोधण्याची पद्धत) लिहायला सांगितले. त्याने ते न अडखळता लिहिले, आणि मधली जागा काढताना शोधायच्या भागाची दोन टोके असलेल्या ‘लो’ व ‘हाय’ यांची बेरीज करून ती निम्मी करण्याऐवजी दोहोंतील फरकाचे निम्मे ‘लो’मध्ये मिळवले. ते पाहून मला मनापासून आनंद झाला. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीतच (भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडमध्ये) ही बेरीज सरळ केलेली होती. ती इंट या पूर्णांक-प्रकारात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या, म्हणजे २१४७४८३६४७ च्या, पुढे गेली की ऋण होते, आणि ही चूक सुमारे नऊ वर्षे तशीच राहिल्यानंतर २००६ मध्ये तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच ती सर्वांसमोर मांडली. मी विचारले, “ही ओळ तुम्ही अशी का लिहिलीत?” तो म्हणाला, “सर, ती अशीच असते.” इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या कोणती आणि तिच्यात एक मिळवल्यास काय होईल, हे त्याला सांगता आले नाही. ओळ अचूक होती, पण तिच्यामागचे कारण त्याच्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते.

मग मी त्याला एक साधी फाइल दिली. प्रत्येक ओळीवर एक रक्कम होती आणि त्यांची बेरीज करायची होती. मधली एक ओळ मी रिकामी ठेवली होती. प्रोग्रॅम तेथे थांबला आणि पडद्यावर नंबर फॉरमॅट एक्सेप्शनचा संदेश आला. कोडमधील कोणत्या ओळीवर अडले, तो क्रमांक त्यात होता, आणि कोणता मजकूर संख्येत बदलता आला नाही ते दाखवणारी दोन अवतरणचिन्हे होती, ज्यांच्यामध्ये काहीही नव्हते. संदेश वाचला असता तर दोष कळायला अर्धा मिनिट पुरे होता. त्याने तो न वाचताच लूप (ओळी एकामागून एक वाचणारा कोडचा भाग) पुसून नव्याने लिहिला, पुन्हा तोच संदेश आला, आणि मग त्याने बेरजेचे सूत्र बदलले. दहा मिनिटांनी मीच थांबवले, कारण त्याच्या चेहऱ्यावरचा ताण मला पाहवत नव्हता.

हा एकच मुलगा असता तर मी हे लिहिले नसते. सेवेच्या प्रश्नसंचात गोष्ट बदलते, सांगाडा बदलत नाही. कधी शहरे, कधी गोदामे, कधी विमानतळ, पण उत्तर म्हणजे संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली, सर्वांत कमी वजनाचा मार्ग शोधण्याची पद्धतच. सराव केलेला उमेदवार पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न ओळखतो. एखाद्या मार्गाचे वजन (म्हणजे अंतर किंवा खर्च) ऋण असल्यास ही पद्धत का फसते, हे मी मुलाखतीत विचारतो तेव्हा बहुतेक जण गप्प होतात. यात मुलांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. आपण कंपन्यांनी वर्षानुवर्षे हेच विचारले, म्हणून क्लासेसनी हेच शिकवले आणि मुलांनी रात्री जागून तेच घोकले.

सेवेत दोन गोष्टी मला फार उपयोगी वाटल्या. एक म्हणजे आपले स्वतःचे प्रश्न टाकण्याची सोय, आणि दुसरी म्हणजे उमेदवाराने कोड कसा टंकला याचे पुन:प्रसारण. गुणपत्रिकेत न दिसणारे बरेच काही त्यात दिसते. कोणी चाळीस ओळी एकदाही न चालवता सलग लिहून काढतो, तर कोणी पाच ओळी लिहून थांबतो, कोडमधील एखाद्या चलाची किंमत पडद्यावर छापून पाहतो आणि मग पुढे जातो. दुसऱ्या प्रकारच्या उमेदवारांना, गुण कमी असले तरी, मी आता आवर्जून बोलावतो. उलट, दुसरी टॅब उघडली की गैरप्रकाराचा शेरा मारणारी सूचना मला अडचणीची वाटते, कारण भाषेचे दस्तऐवज (डॉक्युमेंटेशन) उघडून खात्री करून घेणे हे आमच्या रोजच्या कामाचे अंग आहे. ती सूचना बंद करता येत नाही.

करार आम्ही आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे, मात्र फक्त नवख्यांच्या भरतीपुरता. तयार प्रश्नांपैकी एकच ठेवला असून उरलेले दोन आमचे आहेत: एकात रिकाम्या ओळीची तीच फाइल आहे, आणि दुसऱ्यात आम्ही लिहिलेला, चालणारा पण एका जागी चुकीचे उत्तर देणारा तीस ओळींचा कोड, जो उमेदवाराने वाचून दुरुस्त करायचा आहे. अनुभवी लोकांसाठी ही सेवा घेण्याचा सल्ला मी देणार नाही. त्यांच्याबरोबर एक तास शेजारी बसून कोड वाचण्याची पद्धत आम्ही पुन्हा सुरू केली आहे.