आठ महिने कॅमेऱ्याचं हलणं सॉफ्टवेअरने काढलं, त्याचा अनुभव

तुळशीची लग्नं झाली की आमचा लग्नाच्या शूटिंगचा सीझन सुरू होतो. यंदा सुरुवातीलाच ठरवलं की जिम्बल (कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा दांडा) घरी ठेवायचं, कॅमेरा हातात धरून शूट करायचं आणि जे काही हलेल ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढायचं. तेव्हापासून आषाढीपर्यंत लग्नं, मुंजी, साखरपुडे, एक जागरण-गोंधळ आणि वारीतले दोन दिवस, सगळं असंच केलंय, म्हणून आता लिहितोय, चार दिवस वापरून नाही.

माझा कॅमेरा जायरोचा, म्हणजे कॅमेरा किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरचा, डेटा व्हिडिओच्या फाईलमध्येच लिहितो, सोनीच्या बऱ्याच नव्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये आणि गोप्रोमध्ये हे येतं. ती फाईल जायरोफ्लो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, आपल्या लेन्सचं प्रोफाईल निवडायचं, स्मूथनेस (हलणं किती गुळगुळीत करायचं ते) ठरवायचा आणि एक्सपोर्ट मारायचा. जायरोफ्लो फुकट आहे, ओपन सोर्स आहे. वरातीत घोड्याच्या पुढे उलटं चालत घेतलेला शॉट पहिल्यांदा त्यातून बाहेर आला तेव्हा मी तो दहा वेळा बघितला, विश्वासच बसेना.

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जे नेहमीचं स्टॅबिलायझर असतं ते चित्राकडे बघून अंदाज बांधतं की काय हललं. वरातीत सगळी माणसंच नाचत असतात, मग कॅमेरा हलला की माणसं हलली हे त्याला कळत नाही आणि मागची भिंत जेलीसारखी लटपटायला लागते. जायरोला चित्राशी काही देणंघेणं नाही, कॅमेरा कुठल्या क्षणी किती वळला हे सेन्सरने मोजलेलं असतं, त्यामुळे गर्दीत हा प्रकार कितीतरी सरस आहे.

पण जायरोला फक्त वळणं कळतं. कॅमेरा माणसासोबत वर-खाली उचलला जातो, चालताना पावलागणिक जो हिसका बसतो, तो तसाच राहतो. लांबचा डोंगर एकदम स्थिर आणि हाताजवळचा मांडवाचा खांब मात्र उड्या मारतोय, असं दिसतं. दुसरं म्हणजे अंधार. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवून संध्याकाळची हळद घेतली तर फ्रेम स्थिर होते पण प्रत्येक हिसक्याचं पुसटपण त्या फ्रेममध्ये आधीच छापलेलं असतं, ते कोणी काढू शकत नाही, चित्र एका जागी उभं आणि मधेमधे आपोआप धूसर होतंय असं विचित्र दिसतं. शटर १/१०० वर नेलं तर प्रकाश निम्मा होतो, मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दुप्पट करावा लागतो. १/२०० वर हॉलच्या लाईट लुकलुकतात, आपली वीज ५० हर्ट्झची आहे ना. आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करायचंच, मी एका हळदीला विसरलो आणि सगळं फुटेज डुचमळत होतं, ते परत दुरुस्त झालंच नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे एक दादा आहेत, खांद्यावरच्या व्हीएचएस कॅमेऱ्यापासून शूटिंग करणारे. त्यांचा दिवसाचा रेट नव्या पोराच्या दुप्पट. मला वाटलं हलणं सॉफ्टवेअर काढणारच आहे तर मेन कॅमेऱ्यावर पोरगं चालेल. एका लग्नात तसं केलं, दादांना दुसऱ्या बाजूला उभं केलं. अंतरपाट खाली आला आणि पोराने झटकन कॅमेरा नवरीवरून नवऱ्याकडे फिरवला. सॉफ्टवेअरला तो झटका म्हणजे हलणंच वाटलं, त्याने तो पुढे-मागे पसरवून टाकला, म्हणजे अंतरपाट अजून वरच आहे आणि फ्रेम आधीच नवरीपासून सरकायला लागलीय, वरून काळी कड दिसू नये म्हणून आपोआप झूम, त्यात मुंडावळ्यांसकट कपाळ कापलं गेलं. स्मूथनेस कमी केला तर हलणं परत आलं. तो क्षण काय परत थोडाच घेता येतो.

मग दादांची क्लिप लावली. त्यांनी कॅमेरा फिरवलाच नव्हता. नवरीवर धरून ठेवलेला, ती नजर वर उचलते, अक्षता पडतायत, आणि मग एक पाऊल बाजूला टाकून तेवढ्यातच नवऱ्याला फ्रेममध्ये घेतलंय. मी विचारलं, दादा तुम्हाला कसं कळलं आत्ताच होणार? म्हणाले, "शेवटच्या सावधानला गुरुजींचा आवाज लांबतो रे, आणि अंतरपाट धरणाऱ्याची बोटं आधी सैल होतात, तिकडे बघायचं." दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, गुडघे किंचित वाकलेले, चालताना टाच आधी टेकवायची. त्यांच्या क्लिपला मी एकदाही स्टॅबिलायझेशन लावलं नाही.

गॅरेट ब्राऊन यांनी १९७०च्या दशकात स्टेडिकॅम, म्हणजे अंगावर बांधून कॅमेरा स्थिर ठेवायचं यंत्र, काढला, ते स्वतः कॅमेरा चालवणारेच होते. त्या यंत्रात अंगावर जॅकेट आणि स्प्रिंगचा हात असतो, तरी फ्रेम कुठे न्यायची ते ऑपरेटरची बोटंच ठरवतात आणि ते शिकायला लोक खास वर्कशॉप करतात. सॉफ्टवेअरमध्ये ती बोटंच नाहीत, पोराला मुद्दाम वळायचं होतं की चुकून वळला हे त्याला कुठून कळणार.

वारीत चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण घेतलं तेव्हाही तेच. दिंडीबरोबर चालत घेतलेले शॉट जायरोफ्लोने इतके सुंदर केले की पताकांची रांग पाण्यावरून गेल्यासारखी जाते. पण अश्व आला आणि गेला, मी दुसरीकडे बघत होतो. दादा वारकऱ्यांच्या माना कुठे वळतात ते बघत होते, त्यांच्याकडे पूर्ण धाव आहे.

जायरोफ्लो मी सोडणार नाही. वरात, गाडीतून घेतलेले शॉट, दिवसाउजेडी चालणं, याला तो लावाच, ४केमध्ये (मोठ्या रिझोल्यूशनमध्ये) शूट करून १०८०मध्ये (लहान रिझोल्यूशनमध्ये) द्या म्हणजे कडा कापल्या गेल्या तरी चित्र मऊ पडत नाही. मेन कॅमेरा मात्र दादांकडे परत दिलाय, त्यांच्या रेटने. पोरगं हुशार आहे, हात चांगला आहे त्याचा. येत्या सीझनची पहिली दोन लग्नं तो कॅमेरा न घेता दादांच्या मागे उभा राहून नुसतं बघणार आहे, त्या दोन दिवसांची मजुरीही त्याला मीच देणार आहे.