पंचावन्न प्लस वसाहतीतलं घर: भिंती चोख, पण सोसायटीचा हिशेब तपासा

अमेरिकेतल्या ५५ प्लस, म्हणजे पंचावन्नच्या पुढच्यांसाठी असलेल्या, वसाहतींच्या जाहिराती एकाच साच्यातून निघाल्यासारख्या असतात: गोल्फ कार्ट, निळाशार पूल, पिकलबॉल खेळणारी हसरी जोडपी. यातलं खोटं फारसं काही नसतं. गवत कापणं, बाहेरची रंगरंगोटी ही कामं बरेचदा सोसायटीकडे असतात, घरं बहुधा बैठी, शेजार समवयस्क. तेवढ्यापुरता हा सौदा चांगला. पण इथे घरासोबत एचओए, म्हणजे तिथली सोसायटीही गळ्यात पडते, आणि खरेदी फसते ती बहुतेक वेळा तिच्यामुळे.

आधी कायदा. मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला घर नाकारणं १९८८ च्या दुरुस्तीने बेकायदेशीर ठरलं. ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट मिळाली. १९९५ च्या कायद्यानुसार वस्ती असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ किंवा त्याहून मोठा हवा, तसं धोरण जाहीर केलेलं हवं आणि वयाची नोंद निदान दर दोन वर्षांनी ताजी केलेली हवी. झालं. त्याआधी ज्येष्ठांसाठी खास सोयी देण्याचीही अट होती, ती याच कायद्याने काढून टाकली. त्यामुळे ‘५५ प्लस’ची पाटी आहे म्हणून तिथे नर्स असेल, निदान न्हाणीघरात आधाराचा दांडा तरी असेल, असं धरून चालू नका. अंघोळ घालणं, भरवणं अशा रोजच्या दीर्घकालीन मदतीचा खर्च मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देत नाही, तो वेगळाच धरायचा.

उरलेले २० टक्के म्हणजे तरुणांचा राखीव कोटा, हा समज चुकीचा आहे. ती मोकळीक कशी वापरायची ते वसाहत ठरवते, आणि काही वसाहती ती अजिबात देत नाहीत. नवरा ६० चा आणि बायको ५१ ची असेल, तर त्याच्या पश्चात तिला तिथे राहता येईल का, याचं उत्तर सीसी अँड आर नावाच्या नियमावलीत शोधायचं, विक्रेत्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

आईवडिलांसाठी चाळिशीतल्या मुलाने घर घ्यावं का? कायदा राहणाऱ्याचं वय मोजतो, मालकाचं नाही. नियमावलीत मालकाच्या वयाची वेगळी अट नसेल तर चालतं. पंचाईत नंतर होते. आईवडिलांच्या मागे घराची मालकी मुलाकडे, पण त्याला तिथे बहुधा राहता येत नाही. भाड्याने द्यावं तर भाडेकरूही वयात बसणारा हवा, शिवाय किती घरं भाड्याने द्यायची यावर कित्येक ठिकाणी मर्यादा असते. गिऱ्हाईक मिळेपर्यंत मेंटेनन्स भरत बसायचं, आणि गिऱ्हाईकही वयाच्या चाळणीतून आलेलंच. त्याच वसाहतीत बिल्डर अजून नवी घरं विकत असेल तर जुन्या घराकडे कोणी ढुंकून बघत नाही.

नातवंडांचंही पाहून घ्या. फ्लोरिडातल्या द व्हिलेजेसमध्ये १९ वर्षांखालच्या पाहुण्याला वर्षाला ३० दिवस मुक्काम करता येतो. अख्खी उन्हाळी सुट्टी नातवंडांना ठेवून घ्यायचा बेत तिथे बसत नाही.

आता पैसा. महिन्याची फी कमी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. बहुतेक घरं विकली जाईपर्यंत सोसायटीचा कारभार बिल्डरच्या हातात असतो, आणि विक्रीला बरं म्हणून फी मुद्दाम कमी ठेवलेली असू शकते. मागायचा कागद म्हणजे रिझर्व्ह स्टडी. त्यात छप्पर, रस्ते, स्विमिंग पूल, क्लबहाऊस यांचं उरलेलं आयुष्य आणि बदलण्याचा खर्च ओळीने मांडलेला असतो. समजा, छपराच्या ओळीत ‘उरली ३ वर्षं, खर्च ६ लाख डॉलर’ असं आहे, घरं ३०० आहेत आणि त्यासाठी जमा जवळपास शून्य. म्हणजे घरटी २,००० डॉलरची वर्गणी दारात उभी आहे. गंगाजळी किती टक्के भरलेली आहे तो आकडाही तिथेच मिळतो. ७० च्या वर असेल तर बरं, ३० च्या खाली असेल तर विशेष वर्गणी, म्हणजे स्पेशल असेसमेंट, येणारच असं समजा.

फ्लोरिडात कॉन्डो, म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट, घेणाऱ्याने हे दुप्पट काळजीने पाहावं. मायामीजवळच्या सर्फसाइडमधली कॉन्डोची इमारत २४ जून २०२१ ला कोसळून ९८ माणसं गेली. त्यानंतर तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डोंना ठरावीक वयानंतर बांधकामाची तपासणी आणि दुरुस्तीसाठी रिझर्व्ह सक्तीचे झाले. वर्षानुवर्षं टाळलेला खर्च आता फीमध्ये उतरतो आहे. कॉन्डोच्या विम्यात ‘लॉस असेसमेंट’ची, म्हणजे नुकसानीपोटी सोसायटीने काढलेल्या वर्गणीतला आपला वाटा भरून देणारी, रक्कम फ्लोरिडात बरेचदा फक्त २,००० डॉलर असते, ती वाढवून घ्या. मात्र झीज आणि जुनाट छप्पर यांच्यासाठी काढलेली वर्गणी विमा भरत नाही.

फ्लोरिडातच सीडीडी बाँड नावाचा आणखी एक प्रकार आहे. रस्ते, गटारं यांसाठी काढलेलं हे कर्ज घरावर बसतं आणि मालमत्ता कराच्या बिलातून वर्षानुवर्षं फिटतं. घराच्या किमतीत ते धरलेलं नसतं. जुनं घर घेताना शिल्लक किती, हे लेखी मागा. एकाच रस्त्यावरच्या दोन सारख्या घरांत इथे हजारो डॉलरचा फरक पडतो. जमीन भाड्याची आणि घर आपलं, अशा मॅन्युफॅक्चर्ड होमच्या, म्हणजे कारखान्यात बांधून आणून ठेवलेल्या घरांच्या, वसाहती स्वस्त दिसतात. तिथे भाडं वाढलं तर घर उचलून नेणं परवडत नाही. आमच्या मते हा प्रकार टाळावा.

घर बघताना मोजपट्टी खिशात हवी. व्हीलचेअरला दाराची मोकळी रुंदी ३२ इंच लागते, म्हणजे झडप साधारण ३६ इंचांची. पुढचं दार रुंद आणि न्हाणीघराचं २८ इंची, हा प्रकार ५५ प्लस घरांतही सर्रास दिसतो. खुर्ची वळवायला ६० इंच व्यासाची जागा, शॉवरला उंबरा नको, आणि भिंतीत दांड्यासाठी लाकडी आधार ठोकलेला आहे का ते विचारा. नुसत्या जिप्सम बोर्डात बसवलेला दांडा वजन पडलं की उखडून हातात येतो. फोडणीचा धूर बाहेर टाकणारा एक्झॉस्ट क्वचितच असतो, आणि तो बसवायला बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर बहुतेक ठिकाणी सोसायटीच्या समितीची परवानगी लागते.

करारात ‘सोसायटीचे कागद पाहून पसंत नसल्यास रद्द’ ही अट घालून घ्या. मग नियमावली, बजेट, रिझर्व्ह स्टडी आणि समितीच्या बैठकांची गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं मागवा. इतिवृत्तांत वकील, गळती आणि गोल्फ कोर्स हे तीन शब्द आधी शोधा. गोल्फ कोर्स सोसायटीच्या मालकीचा नसेल, तर उद्या तो बंद होऊन तिथे घरं उभी राहू शकतात, आणि हिरवळ दिसते म्हणून मोजलेले जादा पैसे पाण्यात. शक्य असेल तर तिथलंच एखादं घर दोन आठवडे भाड्याने घेऊन राहा, फ्लोरिडा किंवा ॲरिझोना असेल तर फेब्रुवारीत नव्हे, ऐन उकाड्यात, ऑगस्टमध्ये.