शोधगंगा उत्तमच, पण तुमचा मराठी प्रबंध तिथे सापडायला हवा

मराठीत पीएच.डी. करणाऱ्या कोणालाही मी शोधगंगा डोळे झाकून सुचवेन. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. देशभरातल्या विद्यापीठांचे पाच लाखांहून जास्त प्रबंध तिथे एक पैसा न भरता वाचता येतात. मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. माझा विषय जात्यावरच्या ओव्या. खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या ओव्यांवर कोणी काय लिहिलंय हे बघायला पूर्वी कॉलेजचं पत्र घेऊन त्या त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायचं आणि तिथेच बसून टिपणं काढायची. आता तेच काम मी रात्रीची जेवणं उरकल्यावर घरी करते. सुट्टी मागायला नको, मुलांना कोणाकडे सोडायला नको.

वापरताना मात्र नुसत्या शोधाच्या चौकटीवर विसंबू नका. मराठी प्रबंधांची शीर्षकं कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, आणि रोमनमध्ये ज्याचं त्याचं स्पेलिंग. त्यापेक्षा आधी विद्यापीठ, मग मराठी विभाग उघडा आणि यादी सरळ वरून खाली वाचा. मार्गदर्शकाच्या नावाने शोधलं तरी बरंच हाती लागतं. प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतो. त्यात '८० रेकमेंडेशन' अशी एक फाइल दिसेल. मुखपृष्ठ आणि समारोप त्यात एकत्र असतात, म्हणून मी ती आधी वाचते. आपला विषय दुसरीकडे चालू आहे का हे पाहायचं असेल तर इन्फ्लिबनेटच्याच शोधगंगोत्री या दुसऱ्या संकेतस्थळावर चालू संशोधनाचे आराखडे बघा.

आता प्रबंध जमा करण्याची बाजू. सॉफ्ट कॉपी देणं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांपासून आलं. २०१६ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमांनुसार मूल्यमापन झाल्यावर, पदवी जाहीर होण्याआधी ती इन्फ्लिबनेटकडे जायला हवी. साहित्यचौर्य तपासणीचा २०१८ चा नियमही सगळ्यांना तोंडपाठ आहे: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. ओव्यांसारख्या विषयात एकच ओवी दहा संग्रहांत असते, त्यामुळे आकडा फुगतो. संदर्भासह दिलेली अवतरणं वगळूनच अहवाल काढायचा असतो, हे तपासणाऱ्याला आधीच सांगा.

पण मराठी संशोधकाने खरी काळजी घ्यायची ती फाँटची. जुन्या डीटीपी फाँटमध्ये पडद्यावर 'जातं' दिसतं, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बसलेली असतात. तो मजकूर कॉपी करून पाहिला की कचरा येतो. माणसाला प्रबंध वाचता येतो, यंत्राला त्यातला एकही मराठी शब्द सापडत नाही. म्हणून टायपिंग सेंटरच्या दादांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, युनिकोडमध्येच करायचं. ते कुरकुरले, पण केलं.

एवढं करूनही जिथे प्रबंध जमा केला, त्या ग्रंथालयात काय चाललं होतं? सह्यांची पानं छापील प्रतीत असतात म्हणून अख्खी बांधीव प्रतच स्कॅन करायला घेतली होती. म्हणजे माझ्या सगळ्या ओव्यांचे नुसते फोटो! मी विनंती केली की प्रमाणपत्रांची पानं तेवढी स्कॅन करा, प्रकरणं माझ्या फाइलमधून घ्या. तिथल्या एका सहायक मॅडमनी ऐकलं आणि अपलोड होण्याआधी बदललं. त्यांचे आभार मानते. पण त्या ग्रंथालयाच्या सूचनापत्रात पानाचा समास, बाइंडिंगचा रंग, सोनेरी अक्षरं, सगळं आहे; मजकूर शोधता येईल असा असावा, एवढं एक वाक्य नाही. हे मला फार लागलं. या ओव्या सांगणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांचे शब्द सोनेरी अक्षरांच्या पुठ्ठ्यात राहिले आणि शोधणाऱ्याला मिळाले नाहीत, तर जपले कशाला म्हणायचं?

तेव्हा जमा करण्याआधी स्वतःची पीडीएफ उघडा, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातला एखादा शब्द टाकून शोधा. जोडाक्षरांचा शब्द घ्या, गडबड तिथेच लवकर कळते. सापडला नाही तर पुढच्या खिडकीवर जाऊ नका, आधी फाइल दुरुस्त करून घ्या. नाव, शीर्षक आणि मार्गदर्शकांचं नाव रोमन लिपीत कसं टाकायचं तेही ग्रंथालयाला लिहून द्या. आणि अपलोड झाल्यावर पानाचा कायमचा दुवा जपून ठेवा, लेखात संदर्भ देताना तोच लागतो.