दुकानात प्रिंटर घ्यावा की लॅबमधून पोर्ट्रेट मागवावे?

विदर्भातल्या वरुड, आर्वी, दारव्हा अशा गावात स्टुडिओ असेल आणि लग्नाच्या ऑर्डरींसोबत आता स्वतःच्या नावानं छापील पोर्ट्रेट विकायचे असतील, तर पैसे कुठे घालायचे हे आधी ठरवावं लागतं. दुकानातच डाय-सब, म्हणजे उष्णतेनं रंग उतरवणारा, प्रिंटर बसवता येतो, नाहीतर नागपूर-अमरावतीच्या लॅबमधून प्रिंट मागवता येतात. गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही नको असतं. "फोटू मोबाइलवर सोडून द्या ना भाऊ, फ्रेमचं पाहू मंग." असा पाहुणा फ्रेमसाठी सहसा परत येत नाही. म्हणून नुसत्या फाइलचा वेगळा भाव सांगूच नये. प्रिंट घेतली की फाइल सोबत.

डाय-सबमध्ये रिबनवरचे पिवळा, मॅजेंटा आणि सायन हे रंग उष्णतेनं एकामागून एक कागदावर उतरतात, शेवटी वरून पारदर्शक थर बसतो. प्रिंट कोरडीच बाहेर येते. रिबन आणि कागद जोडीनं संपतात, त्यामुळे गडद शालू असो की पांढरं धोतर, खर्च तेवढाच, हिशेब सोपा. शाईच्या टाकीवाल्या स्वस्त प्रिंटरचं तसं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, मशीन काही दिवस बंद राहिलं की नोझल सुकतं, आणि साध्या डाय शाईचे रंग भिंतीवर लवकर उडतात. पिगमेंट, म्हणजे बारीक रंगकणांची, शाई टिकते, पण तिला रोजचं काम हवं. गावात ते मिळत नाही.

डाय-सबच्या खोडी तीन. सर्रास वापरली जाणारी मशीनं ६x८ इंचांच्या पुढे जात नाहीत. दुसरी धूळ: रिबनवर कण बसला की चेहऱ्यावर पांढरा ठिपका. तिसरी लाइट: प्रिंट अर्ध्यात असताना ती गेली तर तो कागद वाया, म्हणून यूपीएस लागतोच. तो घेताना प्रिंटरचे वॅट बघा.

हा प्रिंटर शोभतो तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं नटून-थटून लाकडी नंदी घेऊन निघतात, आई-बाप आणि आजी सोबत असतात. फोटो तिथल्या तिथे पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये हातात पडला तर पैसे लगेच निघतात. दोन दिवसांनी "प्रिंट तयार आहे" म्हणून फोन केला तर कौतुक ओसरलेलं असतं.

भिंतीवरच्या फोटोला मात्र लॅबच. तिथे फोटोच्या खऱ्या कागदावर लेझरनं प्रतिमा उमटवून रसायनात धुतात; १२x१८ किंवा त्याहून मोठी प्रिंट सहज मिळते आणि तुमची गुंतवणूक शून्य. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंग-सेटिंगमध्येच पाठवा, नाहीतर रंग मरगळलेले येतात. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून एडिट केलेली फाइल काळपट छापली जाते, हेही ध्यानात ठेवा. कॅमेऱ्याचं माप २:३ असतं, म्हणून ८x१२ आणि १२x१८ मध्ये काही कापलं जात नाही. ८x१० मध्ये जातं.

लॅबच्या कामात सगळ्यात मोठा भाग तेरवीच्या फोटोचा. घरचे लोक बहुधा दहाव्या दिवशी येतात, त्यामुळे पार्सलला लागणारे दोन दिवस आधीच सांगून टाका. आणतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला फोटो. साध्या पद्धतीनं पाठवलेला असा फोटो लांब बाजूनं साधारण १६०० पिक्सेल असतो. १८ इंचांवर ताणला तर इंचाला ८९ पिक्सेल उरतात, चांगल्या प्रिंटला ३०० लागतात. मूळ फोन मागा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. तेही नसेल तर ८x१२ वर थांबा, चेहरा पुसट करून पैसे घेऊ नका. फ्रेममध्ये लॅमिनेशनवाली खपते, कारण फडक्यानं पुसता येते आणि काच फुटायची भीती नाही. पण ओल धरणाऱ्या भिंतीवर तिचा एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड) पावसाळ्यात फुगतो. अशा घरी काचेची फ्रेम द्या आणि मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, टाका, म्हणजे प्रिंट काचेला चिकटत नाही.

नाव कुठे टाकायचं? बापाच्या फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचा लोगो कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. फोल्डरवर नाव मोठं, भिंतीच्या फोटोला मागे स्टिकर: नाव, मोबाइल, गाव, तारीख, फाइल नंबर. भावाला दुसरी प्रत हवी झाली की लोक फ्रेम उलटी करतात, तो नंबर तिथे हवा. साई, श्री असल्या नावाचे स्टुडिओ प्रत्येक तालुक्यात. त्यापेक्षा स्वतःचं आडनाव बरं.

एक कायद्याची गोष्ट बरेच फोटोग्राफर उलटी धरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक वेगळा करार नसेल तर गिऱ्हाईकच. तेव्हा दुकानाच्या बोर्डावर कुणाची सून झळकवण्याआधी पावतीवरच परवानगीची ओळ छापून सही घ्या.

माझ्या मते सुरुवात लॅबनं करावी. कापूस विकून दिवाळीनंतर घरात पैसा येतो, भिंतीचे फोटो तेव्हा जास्त निघतात. त्या कमाईतून पुढच्या पोळ्याच्या महिनाभर आधी प्रिंटर घ्या. वर्षभर पासपोर्ट फोटो आणि वाढदिवस यांवर रिबन संपत असेल तरच तो परवडतो. नाहीतर तान्ह्या पोळ्यापुरता ओळखीच्याकडून भाड्यानं आणलेला बरा.