शाफ्टवर कंपोझिट भरून घेताना साखर कारखान्यात झालेली फसवणूक

ऐन गळीत हंगामात बॉयलरच्या आयडी फॅनचा (धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याचा) शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला. नवीन शाफ्टला वेळ लागणार आणि वेल्डिंगने भरला तर वाकण्याची भीती. ही घाई हेरून एका ठेकेदाराने सांगितलं, "पॉलिमर कंपोझिट भरतो, 6 तासांत फॅन चालू, 2 वर्षांची गॅरंटी." (कंपोझिट म्हणजे दोन भाग कालवून लावायची, नंतर कडक होणारी लुगदी.) काही दिवसांतच बेअरिंग तापायला लागलं, कंपनं वाढली. उघडून बघितलं तर भरलेला थर बांगडीसारखा अख्खा निघून आला. आतून गुळगुळीत, आणि खालचा शाफ्टही चकचकीत.

त्या गुळगुळीत बाजूवरूनच चोरी कळते. कंपोझिट नीट चिकटलेलं असेल तर तुटताना ते स्वतःतच फाटतं आणि शाफ्टवर त्याचा थर राहतो. इथे ते कधी चिकटलंच नव्हतं. सैल बेअरिंगखाली ग्रीस धातूच्या बारीक खड्ड्यांत मुरलेलं असतं. थिनरने पुसून ते जात नाही. टॉर्चने बेताने शेकायचं, पाझरलेलं तेल पुसायचं, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत हेच करायचं. मग लेथवर साधारण 1.5 मिमी खोल कापून ढोबळ आटे पाडायचे, दोन्ही टोकांना मूळ पोलादाची पट्टी ठेवायची, म्हणजे थराची कड पातळ होऊन उडत नाही. शेवटी ॲसिटोनने पुसून, गंज धरायच्या आत कंपोझिटचा पहिला पातळ हात पट्टीने दाबून घासायचा. ठेकेदाराच्या माणसांनी नुसता एमरी पेपर फिरवला होता.

बिलात माल 2 किलो! हिशोब करून बघा: 100 मिमी व्यास, 60 मिमी रुंदी, 1.5 मिमी थर, म्हणजे साधारण 28 घनसेंमी. घनता घनसेंमीला 2.5 ग्रॅम धरली तर 70 ग्रॅम. दोन बेअरिंगच्या जागा आणि वाया जाणारा माल धरूनही पाव किलो पुष्कळ झाला. डबे बिनालेबलचे, बॅच नंबर नाही, बेस-हार्डनर (कंपोझिटचे दोन भाग) न मोजता अंदाजाने कालवलेले. वजनकाटा नसेल तर तिथेच काम थांबवा.

'6 तास' हे आणखी एक आमिष. बऱ्याच मालाला 25 अंशाला पूर्ण पक्कं व्हायला दिवसभर लागतो, थंडीत त्याहून जास्त. डेटाशीटवर मशीनिंगची वेळ आणि पूर्ण भाराची वेळ वेगवेगळी असते. तुम्हाला सांगतात ती पहिली.

माप तर घेतलंच नाही, कानशीने घासून बेअरिंग ठोकलं. 100 मिमीला के6 बसवणी (बेअरिंग शाफ्टवर किती घट्ट बसावं याचा ठरलेला वर्ग) असेल तर शाफ्ट 100.003 ते 100.025 मिमी हवा. इतकं माप कानशीने येत नाही, लेथवर कार्बाइड टूलनेच येतं. तीन ठिकाणी, आडवं-उभं मायक्रोमीटर रीडिंग लेखी घ्या.

काम होताना त्याच कालवलेल्या मालाचा एक गोळा घासलेल्या पोलादी पट्टीवर लावून ठेवायला लावा. दुसऱ्या दिवशी त्यावर ॲसिटोनचं फडकं घासा आणि छिन्नी मारून बघा. चिकट लागला किंवा पट्टीवरून सरळ सुटला, तर बेअरिंग चढवू देऊ नका.