गेम खेळताना प्रोसेसर तापतोय: साफसफाई, सेटिंग, पेस्ट की नवा कूलर?

गेम सुरू करून दहा मिनिटं होत नाहीत तोच पंखे घोंघावायला लागतात, चित्र मध्येच अडखळतं आणि कोपऱ्यातला तापमानाचा आकडा ९५ च्या आसपास घुटमळत राहतो. अशा वेळी पहिला विचार येतो तो नवा कूलर घेण्याचा. माझ्याही मनात तोच आला होता. पण कूलर हा चार-पाच उपायांपैकी एक आहे, आणि बरेचदा त्याचा नंबर शेवटी लागतो. तुमच्यासाठी कोणता उपाय योग्य, हे उष्णता नेमकी कुठे अडकली आहे यावर ठरतं. म्हणून आधी ते शोधू, मग उपायांची तुलना करू.

त्याआधी, प्रोसेसर खरंच जास्त तापतोय का? इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ती बहुतेकांची ९५, तर ७८००एक्स३डी ची ८९. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. चिप जळू नये यासाठीच ती सोय आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नका. मात्र गेममध्ये क्वचितच सगळे कोअर पूर्ण ताकदीने राबतात. व्हिडिओ रेंडर करताना ९५ दिसणं आणि गेममध्ये ९५ दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अनेक प्रोसेसरच्या बाबतीत चालून जाते, दुसरीमागे बहुधा काहीतरी बिघाड असतो. गेममध्ये तापमान ८० च्या आत राहत असेल तर माझ्या मते काहीच करू नका. आणि ७५ अंशांवरही गेम अडखळत असेल तर कारण उष्णता नाही. तिथे कूलर बदलून काहीही साधणार नाही.

एचडब्ल्यूइन्फोसारखं तापमान दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर मागे चालू ठेवा आणि आकडा कसा चढतो ते नीट पाहा. भार पडताच दोन-तीन सेकंदांत तापमान थेट मर्यादेला भिडलं, तर चिपची उष्णता कूलरपर्यंत नीट पोहोचतच नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. पेस्ट (चिप आणि कूलर यांच्यामध्ये लावलेला, उष्णता पुढे नेणारा लेप) सुकलेली असते, कूलर एका बाजूने सैल असतो, किंवा त्याच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहून गेलेली असते. हो, हे खरोखर घडतं आणि मी डोळ्यांनी पाहिलं आहे. याउलट आकडा पंधरा-वीस मिनिटं हळूहळू चढत राहिला, तर उष्णता कूलरपर्यंत येते पण बाहेर पडत नाही. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच गेम वीस मिनिटं खेळून पाहा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर प्रोसेसरच्या कूलरला दोष देऊ नका, कॅबिनेटमध्ये हवाच खेळत नाहीये. पुढून एक-दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर फेकणारा, एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं.

साफसफाई आणि पेस्ट यांत आधी काय? साफसफाई. माझ्या टॉवर कूलरचा (धातूच्या पात्यांचा उंच मनोरा आणि त्याला लावलेला पंखा) पंखा बाहेरून अगदी स्वच्छ दिसायचा. क्लिपा काढून तो बाजूला केला, तर मागे हीटसिंकच्या पात्यांवर धुळीचा जाडजूड थर बसलेला, नखाने उचलला तर कापडासारखा अख्खा सुटून आला. पंखा जोरात फिरत होता, पण हवा त्या थराला धडकून परत येत होती. तेव्हा पंखा काढल्याशिवाय सफाई झाली असं समजू नका. हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होण्याची भीती असते.

पेस्ट बदलणं हे त्याच्या पुढचं काम. पेस्ट कडक होऊन तिला भेगा पडल्या असतील तर फरक मोठा पडतो, पण ती अजून ओलसर असेल तर नवी लावून हाती फारसं काही लागत नाही. महाग आणि साध्या पेस्टमधला फरकही बहुधा मोजक्या अंशांचाच असतो. पेस्टऐवजी वापरल्या जाणाऱ्या लिक्विड मेटलच्या, म्हणजे द्रवरूप धातूच्या, वाटेला मात्र सरावाशिवाय जाऊ नका. त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं, शिवाय त्यातून वीज वाहते. एक थेंब भलत्या जागी पडला तर मदरबोर्ड गेलाच म्हणून समजा.

आता सेटिंग. माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे, कारण यात एक पैसा जात नाही आणि उष्णता मुळातच कमी तयार होते. कूलर फक्त झालेली उष्णता वाहून नेतो. प्रोसेसरची वीज साधारणपणे वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज १.३० वरून १.२० वर आणलं, तर हिशेबाने वीज सुमारे १५ टक्के कमी लागते. हे झालं अंडरव्होल्टिंग. दुसरा रस्ता वीजमर्यादा घालण्याचा. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के ची अधिकृत कमाल मर्यादा २५३ वॉट आहे, पण अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) तिथे ४०९५ असा आकडा भरलेला असायचा, म्हणजे मर्यादाच नाही. रायझनमध्ये यासाठी इको मोड आहे. १०५ वॉटचा म्हणून विकला जाणारा ७७००एक्स प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत जातो, आणि ६५ वॉटच्या इको मोडवर ८८ वर थांबतो. गेम मुळात पूर्ण वीज वापरतच नसल्यामुळे एफपीएसमध्ये, म्हणजे दर सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेमच्या संख्येत, बहुधा नगण्य घट होते.

या दोघांत मी आधी वीजमर्यादा सुचवेन. तिच्यामुळे संगणक अस्थिर होत नाही. अंडरव्होल्टचा फायदा जास्त, कारण वेगही टिकतो. पण त्यातली चूक लगेच दिसत नाही. रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (व्होल्टेज पायरीपायरीने उतरवणाऱ्या सेटिंगमध्ये) उणे १० वर सगळं सुरळीत, उणे २५ वर गेमही सुरळीत, आणि चार दिवसांनी नुसतं ब्राउझर उघडं असताना संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. पायरीपायरीने खाली जाऊन प्रत्येक पायरीवर काही दिवस वापरण्याची तयारी असेल तरच हा मार्ग धरा. या दोन्हींहून सोपी गोष्ट म्हणजे एफपीएसला मर्यादा घालणं. तुमचा स्क्रीन १४४ हर्ट्झचा आणि गेम २२० एफपीएसने पळतोय, तर वरच्या फ्रेम तयार करायला प्रोसेसर विनाकारण राबतोय. मर्यादा स्क्रीनच्या किंचित खाली, १४१ वर ठेवा आणि पंख्यांचा आवाज ऐका.

एवढं करूनही आकडा उतरला नाही तर कूलर बदलायला हरकत नाही. सोबत आलेल्या छोट्या कूलरवरून चांगल्या टॉवरवर जाणं ही मोठी झेप आहे. टॉवरवरून लिक्विडवर, म्हणजे पाणी फिरवून थंड करणाऱ्या कूलरवर, जाणं तेवढं मोठं नाही. लिक्विड कूलरमधलं पाणी उष्णता गिळत नाही, ती फक्त रेडिएटरपर्यंत नेतं, तिथून शेवटी खोलीच्या हवेतच सोडायची असते. गेममध्ये शंभर वॉटच्या आसपास जाणाऱ्या प्रोसेसरसाठी दोन मनोऱ्यांचा टॉवर आणि २४० मिमीचा लिक्विड जवळपास बरोबरीत येतात. प्रोसेसर २०० वॉटच्या पुढे जाणार असेल, किंवा गेमबरोबर रेंडरिंगही करत असाल, तर ३६० मिमीचा रेडिएटर आपली किंमत वसूल करतो.

टिकाऊपणात टॉवरच पुढे. त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा, तो बदलता येतो. लिक्विडमध्ये पंप थकतो आणि नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडत राहतं. पंप रेडिएटरपेक्षा वर बसला तर त्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि गुळगुळ आवाज येतो. टॉवरची अडचण आकाराची. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमी उंच आहे आणि पंख्यांसकट सव्वा किलोपेक्षा जड. घेण्याआधी कॅबिनेटची आतली रुंदी आणि रॅमची उंची मोजाच.

लॅपटॉपवाल्यांसमोर मात्र पर्याय मोजकेच आहेत. कूलर बदलता येत नाही, आणि बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकाच हीटपाइपवर, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या नळीवर, असतात. म्हणून तिथे एफपीएसची मर्यादा दुहेरी कामाला येते. ग्राफिक्स चिप थंड पडली की प्रोसेसरलाही श्वास मिळतो. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा, कूलिंग पॅडचा नंबर त्यानंतर. अंडरव्होल्टचा बेत असेल तर आधी बायोस तपासा. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षात्रुटी उघड झाल्यापासून इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये ती सोय बंद केलेली आहे. पेस्ट वारंवार निकामी होत असेल तर पीटीएम७९५० सारखं फेज-चेंज पॅड लावून घ्या. ते गरम झाल्यावर मऊ होऊन पसरतं आणि पेस्टसारखं कडेला सरकत नाही.

कोणताही बदल केल्यावर तोच गेम, तोच प्रसंग अर्धा तास खेळून मोजा आणि शेजारी खोलीचं तापमानही लिहून ठेवा. खोली पाच अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर जातो. थंड रात्री घेतलेला आकडा दुपारच्या आकड्याशेजारी ठेवलात, तर न झालेली सुधारणाही झाल्यासारखी वाटेल.